पहाऱ्याची नोकरी आणि आपले महाविद्यालय

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांच्या पत्रात माझ्या भाषणाचा विषय 'सायबर सुरक्षा आणि नोकरीच्या संधी' असा दिला आहे. या विषयावर बोलणाऱ्यांची सध्या वानवा नाही. इतक्या लाख जागा रिकाम्या आहेत, इतका पगार मिळतो, असे आकडे फळ्यावर लिहिले की सभागृह खूष होते. मी ते करणार नाही. जागा रिकामी असणे आणि ती आपल्या मुलाला मिळणे यांच्यामध्ये मोठा ओढा आहे, आणि त्या ओढ्यावरचा पूल म्हणजे आपले महाविद्यालय. तो पूल कोठे खरा बांधला जातो, कोठे नुसता कागदावर बांधला जातो आणि तालुक्याच्या महाविद्यालयाला तो बांधता येईल का, एवढेच आज बोलणार आहे. मी नागरी सहकारी बँकेच्या संगणक विभागात नोकरी केलेला मनुष्य आहे. त्यामुळे उदाहरणे बँकेची येतील, ती चालवून घ्या.

२०१८ सालचा ऑगस्ट महिना आठवा. ११ तारीख, शनिवार. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र स्वतःच्या अधिकारात पैसे देत नाही. ते बँकेच्या 'स्विच' नावाच्या प्रणालीला विचारते. स्विच मुख्य संगणकाला विचारतो की या खात्यात शिल्लक आहे काय, आणि 'होय' असे उत्तर परत आले की नोटा बाहेर येतात. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला करणाऱ्यांनी या साखळीत आपला एक खोटा स्विच उभा केला. तो मुख्य संगणकाला काही विचारतच नव्हता. येईल त्या मागणीला 'होय' म्हणत होता. बनावट कार्डे घेतलेली माणसे २८ देशांत एटीएमसमोर उभी होती. काही तासांत व्हिसा कार्डांवर परदेशात सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, रुपे कार्डांवर देशात अडीच कोटी निघाले. त्यात आपल्या कोल्हापुरातील एटीएमही होती. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीचा वापर करून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका बँकेतील खात्यात वळविण्यात आले. एकूण बेरीज ९४ कोटी ४२ लाख. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना शिक्षा सुनावली.

या घटनेतील शनिवार मला महत्त्वाचा वाटतो. चोर वार पाहून येतो. २०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेश बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर गेले तेही साप्ताहिक सुट्टीला लागून. कुलूप कितीही भारी असले तरी पहाऱ्यावर जागा माणूस लागतो, हे आपल्या आजोबांना ठाऊक होते. संगणक आला म्हणून ते बदललेले नाही.

मोठ्या संस्थांचे काय ते त्यांचे त्या पाहतील, असे कोणी म्हणेल. पण पाहा. २०१७ च्या जूनअखेर 'नॉटपेट्या' नावाच्या मालवेअरने मर्स्क या जहाज कंपनीला गाठले, तेव्हा आपल्या न्हावा-शेवा बंदरातील तिचे टर्मिनल अडले. २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या 'एम्स' रुग्णालयाचे सर्व्हर बंद पडले आणि रुग्णांच्या नोंदी कित्येक दिवस हाताने लिहाव्या लागल्या. आणि ३१ जुलै २०२४ रोजी लहान बँकांना संगणक सेवा पुरविणाऱ्या सी-एज या कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा खबरदारी म्हणून सुमारे ३०० बँकांना देशाच्या पेमेंट व्यवस्थेपासून तात्पुरते तोडावे लागले. या ३०० बँका म्हणजे कोण? सहकारी बँका आणि ग्रामीण बँका. ज्यांच्या खिडकीवर तुमची आई बचतगटाचे पैसे भरते आणि तुमचे वडील पेन्शन घेतात, त्या. दुसऱ्या दिवशी व्यवस्था पूर्ववत झाली ही चांगली गोष्ट. पण तो एक दिवस कोणाकोणाचे पैसे अडले असतील याचा विचार करा.

रिझर्व्ह बँक स्वस्थ बसलेली नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली. ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकांचे चार स्तर पाडले. जी बँक डिजिटल व्यवहारांत जितकी खोल, तितक्या तिच्या जबाबदाऱ्या जास्त. वरच्या स्तरात अखंड देखरेखीचे केंद्रही आले. देशातील सर्वांत जास्त नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत. शिवाय पतसंस्था आहेत, ज्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचे थेट नियंत्रण नाही, पण ज्यांच्याकडे पिग्मी एजंटांनी दारोदार फिरून गोळा केलेला पैसा आहे. या सर्वांना माणसे लागणार आहेत. परिपत्रक मुंबईहून येते, माणूस मात्र कोठून आणायचा, हा प्रश्न इचलकरंजीच्या किंवा अमळनेरच्या व्यवस्थापकाला पडतो. पुण्याच्या आयटी कंपनीत काम करणारा तज्ज्ञ त्याच्याकडे येत नाही, आणि आला तर त्याचा पगार बँकेला झेपत नाही.

इकडे आपला बी.एस्सी., बी.कॉम. झालेला मुलगा घरी बसलेला आहे. मधला ओढा तो हा.

आता शिक्षणाकडे वळू. २०१३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण जाहीर केले. त्यात पाच वर्षांत पाच लाख प्रशिक्षित माणसे तयार करण्याचे उद्दिष्ट होते. उद्दिष्ट लिहिणे सोपे असते. शासनाच्या धोरणातील आकडा आणि वर्गातील बाक यांची गाठ पडायला फार वेळ लागतो. मधल्या काळात शहरोशहरी खाजगी क्लास निघाले. 'सहा महिन्यांत एथिकल हॅकर, नोकरीची शंभर टक्के हमी' अशा पाट्या तुम्ही पाहिल्या आहेत. शासकीय शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला मिळते, अशा क्लासच्या फीला नाही. म्हणून बाप कर्ज काढतो किंवा आई डाग गहाण ठेवते. क्लासमध्ये काली लिनक्सच्या दहा-बारा आज्ञा पाठ करून घेतात, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे पळतात, मुलाला वाटते आपण काहीतरी झालो. मुलाखतीत समोरचा एक साधा लॉग पुढे ठेवतो आणि विचारतो, यात वावगे काय दिसते? तेथे मुलगा गप्प होतो.

कारण काम वेगळे आहे. सिनेमात दाखवतात तसे ते नाही. या धंद्यात 'सॉक' म्हणतात ते देखरेख केंद्र म्हणजे चोवीस तास पाळ्यांमध्ये चालणारी खोली. पडद्यावर इशारे येत राहतात. रात्री अडीच वाजता शाखेतील एका संगणकावरून कोणी प्रवेश केला. का केला? शाखाधिकारी जागा होता की त्याचा पासवर्ड दुसऱ्याच्या हातात गेला? बहुतेक इशारे निरुपद्रवी निघतात. न कंटाळता प्रत्येक इशारा तपासणे, जे दिसले ते नीट लिहून ठेवणे आणि शंका आली तर वरिष्ठाला झोपेतून उठवणे, हे पहिल्या पायरीवरचे काम. रोखपालाने दिवसअखेर एक रुपयाचा फरक शोधत बसावे, त्याच जातीचे ते आहे. म्हणून मी म्हणतो, वाणिज्य शाखेच्या मुलांनी या क्षेत्राला घाबरू नये. अमेरिकेत 'नाइस' नावाची चौकट २०१७ साली प्रसिद्ध झाली. तिने या क्षेत्रातील कामांचे ५२ प्रकार मोजले. त्यांत प्रोग्राम लिहिणारे आहेत, तसे तपासणी करणारे, कायदा पाहणारे, प्रशिक्षण देणारे आणि खरेदीवर लक्ष ठेवणारेही आहेत. ज्याला ताळेबंद वाचता येतो त्याला सुरक्षेचे ऑडिट शिकविता येते. उलट ज्याला चार ओळी सरळ लिहिता येत नाहीत, तो कितीही हुशार असला तरी घटनेचा अहवाल त्याच्याकडून होत नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेने हुकूम काढला की नेमून दिलेल्या प्रकारचा सायबर प्रसंग लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवला पाहिजे. सहा तासांत काय झाले ते कागदावर मांडणे, हे भाषेचे काम आहे!

महाविद्यालये काय करीत आहेत? करार करीत आहेत. एका तालुक्याच्या महाविद्यालयात मला पाहुणा म्हणून बोलावले होते. प्राचार्यांच्या दालनात भिंतीवर तीन सामंजस्य करारांचे फोटो होते. शाल, श्रीफळ, हसरे चेहरे. मी विचारले, या कंपनीचा माणूस वर्षात किती वेळा वर्गात आला? एकदा, फोटोच्या दिवशी. प्रयोगशाळा पाहू म्हटले तर किल्ली शिपायाकडे आणि शिपाई रजेवर. मी त्या प्राचार्यांना दोष देत नाही. नॅकच्या मूल्यांकनात कार्यरत करार किती हे विचारले जात आले आहे, आणि जे मोजले जाते ते वाढते. करारातून किती मुलांच्या हाताला काम आले हे कोणी मोजले असते तर फोटो कमी आणि किल्ल्या जास्त दिसल्या असत्या.

भागीदारीचा चांगला नमुना कोठे पाहावा? अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांकडे पाहण्यासारखे आहे. ही दोन वर्षांची, कमी फीची, कामकरी वर्गाची महाविद्यालये. दिवसा गोदामात काम करणारा तरुण संध्याकाळी तेथे शिकतो. त्यांच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने १९९९ साली सायबर शिक्षणातील उत्कृष्ट केंद्रे निवडायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या यादीत सात विद्यापीठे होती. २०१० पासून दोन वर्षांच्या महाविद्यालयांनाही दार उघडले. आज अशी मान्यता असलेल्या संस्था चारशेच्या वर आहेत. मेरिलँड राज्यातील प्रिन्स जॉर्जेस कम्युनिटी कॉलेजात २००५ पासून 'सायबरवॉच' नावाचे केंद्र राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या पैशातून उभे राहिले. त्याने आसपासची महाविद्यालये आणि नोकरी देणारे यांना एकत्र बसविले. ते मेरिलँडमध्येच का वाढले? कारण ती राष्ट्रीय सुरक्षा संस्था त्याच राज्यात फोर्ट मीड येथे आहे. नोकरी देणारा हाकेच्या अंतरावर होता. भागीदारी जवळच्याशी टिकते, लांबच्या मोठ्या नावाशी फोटोपुरती राहते.

तेथेही सारे आलबेल आहे असे नाही. 'सायबरकोर' नावाची त्यांची शिष्यवृत्ती आहे. शिक्षणाचा खर्च सरकार करते आणि विद्यार्थ्याने तितकाच काळ सरकारी नोकरी करायची. न केल्यास शिष्यवृत्तीचे कर्ज होते. २०२५ मध्ये तेथील केंद्र सरकारने नोकरभरती आखडती घेतली आणि शिकून तयार झालेल्या मुलांपुढे, स्वतःचा काही दोष नसताना, त्या कर्जाचे भूत उभे राहिले. एकाच मालकाच्या भरवशावर अभ्यासक्रम बांधू नये, हे यातून आपण घ्यावे.

परंतु मला तेथली सर्वांत पटलेली गोष्ट दुसरीच आहे. तिला ते 'क्लिनिक' म्हणतात. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१८ साली 'सिटिझन क्लिनिक' सुरू झाले. ज्या समाजसेवी संस्थांना सुरक्षेचा सल्ला विकत घेणे परवडत नाही, त्यांना विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तो सल्ला फुकट देतात. पुढे अशा क्लिनिकांचा संघ झाला आणि २०२३ साली गूगलच्या सेवाभावी शाखेने या कामाला दोन कोटी डॉलर जाहीर केले. आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. विधी महाविद्यालयात कायदा साहाय्य केंद्र असते. वैद्यकीय महाविद्यालयाचा बाह्यरुग्ण विभाग तर त्याच तत्त्वावर चालतो. गरिबाला औषध मिळते आणि विद्यार्थ्याला नाडी कळते.

असे क्लिनिक तालुक्याच्या महाविद्यालयात चालेल काय? माझ्या मते चालेल, आणि त्याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. समजा, संगणकशास्त्राचे चार आणि वाणिज्यचे दोन असे सहा विद्यार्थी, एक प्राध्यापक आणि बँकेत काम केलेला एक अनुभवी माणूस अशी तुकडी केली. गावातील पतसंस्थेशी लेखी करार केला. त्यात गोपनीयतेचे कलम घातले, कारण ठेवीदारांची नावे कट्ट्यावर गेली तर पतसंस्था एका दिवसात बुडेल. पहिल्या आठवड्यात फक्त मोजदाद करायची. संगणक किती, त्यांवर कोणती विंडोज आहे? मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला. तरी अशी यंत्रे काउंटरवर खुशाल चालताना दिसतात. मग पासवर्ड. तीन कारकुनांचा पासवर्ड एकच असतो आणि तो मॉनिटरच्या खाली चिकटवलेला असतो, हे मी पाहिलेले आहे. एका कारकुनाच्या नावावर दुसऱ्याने नोंद केली, तर उद्या अफरातफर निघाल्यावर कोणाला धरणार? नोकरी निरपराध माणसाची जाते. सायबर सुरक्षा ही गरीब कारकुनाच्या अब्रूचीही सुरक्षा आहे, हा मुद्दा मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात ठळकपणे आढळला नाही.

त्यानंतर बॅकअप. व्यवस्थापक सांगतात, रोज घेतो. विद्यार्थ्याने नम्रपणे म्हणायचे, साहेब, परवाचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उघडून दाखवाल का? येथे बऱ्याच ठिकाणी पंचाईत होते. हार्डडिस्क त्याच संगणकाला कायम जोडलेली असते, म्हणजे खंडणीखोर मालवेअर आले तर मूळ आणि प्रत दोन्ही एकदमच जाणार. किंवा प्रत घेतली जाते, पण ती उघडतच नाही. उघडून पाहिलेला बॅकअप तोच बॅकअप. एवढे एक काम एका तुकडीने एका उन्हाळ्यात पाच संस्थांमध्ये केले तर त्या गावाचे जे भले होईल ते दहा परिसंवादांनी होणार नाही. आणि मुलाच्या अर्जात लिहायला खरे काहीतरी मिळते. 'मी पाच संस्थांचे बॅकअप तपासले, दोन ठिकाणी ते निकामी निघाले, दुरुस्तीची पद्धत लिहून दिली.' नोकरीसाठी मुलाखती घेणारे हे वाक्य वाचून थांबतात. चकचकीत प्रमाणपत्रापाशी ते थांबतीलच असे नाही.

आपल्याकडे काहीच चाललेले नाही असे मी म्हणत नाही. पुण्याच्या सी-डॅकचा सुरक्षाविषयक पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम सहा महिन्यांचा आणि ९०० तासांचा आहे. तो कष्टाचा आहे, म्हणूनच बाजारात त्याला मान आहे. २०१८ साली मायक्रोसॉफ्ट आणि डेटा सिक्युरिटी कौन्सिल यांनी लहान शहरांतील अभियंता मुलींसाठी 'सायबरशिक्षा' सुरू केले. त्यात शिकवायला सी-डॅकची केंद्रे होती. क्विक हील कंपनीचे प्रतिष्ठान महाविद्यालयांशी करार करून विद्यार्थ्यांना तयार करते आणि ते विद्यार्थी शाळाशाळांत जाऊन सावधगिरी शिकवतात. २०२२ च्या ऑक्टोबरात विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी आणि पदव्युत्तर वर्गांसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. म्हणजे काय शिकवावे हे लिहून तयार आहे. उणीव आहे ती शिकविलेले वापरून पाहण्याच्या जागेची.

भाषेबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. २००१ नंतर एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम गावोगाव पोहोचला. पुष्कळांनी तो केवळ सरकारी नोकरीची अट म्हणून केला, हे खरे. पण तो मराठीतून उपलब्ध होता, म्हणून अंगणवाडी सेविका आणि तलाठीही माऊस धरायला शिकले. सायबर सुरक्षेत मात्र आपण पहिल्या धड्यापासून इंग्रजीची भिंत उभी करतो. लॉग इंग्रजीत असतो, परीक्षा इंग्रजीत असते, हे मान्य. तेवढे इंग्रजी शिकलेच पाहिजे, त्यात सवलत मागू नये. पण समजावून सांगणे मराठीत झाले तर मुलगा तीन महिने आधी तयार होतो, आणि तोच मुलगा पुढे पिग्मी एजंटाला त्याच्या भाषेत सांगू शकतो की ओटीपी कोणालाही सांगू नकोस आणि फसगत झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन कर.

हे शिक्षण मुलांपुरतेच नाही. पतसंस्थेतील पंचेचाळीस वर्षांची लेखनिक भगिनी, रुग्णालयातील नोंदणी कारकून, नगरपरिषदेतील संगणक चालक, यांनाही त्याच वर्गात बसवावे. ते संध्याकाळी सहानंतर येतील, म्हणून वर्ग संध्याकाळी हवा. मुंबईत रात्रशाळांनी गिरणी कामगारांना शिकविले, ही रीत आपल्याला नवी नाही. एका बाकावर मुलगा आणि कारकून शेजारी बसले तर मुलाला कळते की कामाच्या गर्दीत माणूस चूक का करतो, आणि कारकुनाला कळते की तो नियम साहेबांनी छळायला काढलेला नाही.

आणि पैशाचे काय? उपाशी पोटी कोणी सहा महिने अनुभव घेत बसत नाही. विनावेतन इंटर्नशिप ही ज्यांच्या घरी खायला आहे त्यांचीच सोय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी शिकाऊ उमेदवारी कायदा आहे. तो १९६१ चा आहे. २०१९ च्या नियमांनी पदवीधर शिकाऊ उमेदवाराचे विद्यावेतन महिना किमान ९,००० रुपये ठरविले, आणि राष्ट्रीय योजनेत त्या किमान रकमेचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आहे, चार ते एकोणतीस माणसे असतील तर ते ऐच्छिक आहे. आपल्या गावच्या बँकेत किती माणसे आहेत ते मोजा. अनेक संचालकांना ही तरतूद माहीत नसते, आणि माहीत नसलेली गोष्ट त्यांच्या वार्षिक सभेत सभासद म्हणून उभे राहून विचारता येते.

मुलींच्या पालकांना एक शब्द. देखरेख केंद्रात रात्रपाळी येते आणि तेथेच पुष्कळ घरांत विषय संपतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षिततेची व घरी पोहोचविण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. 'गाडी घरापर्यंत येणार का?' हे पहिल्या दिवशी विचारण्यात संकोच कसला? शिवाय तपासणी, ऑडिट, प्रशिक्षण ही कामे दिवसाची आहेत.

आता विद्यार्थ्यांना एक ताकीद, आणि ती मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. शिकलेले आजमावून पाहण्याचा मोह होतो. कॉलेजच्या निकालाची वेबसाइट उघडते का, शेजाऱ्याचे वाय-फाय फोडता येते का. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ व्या कलमाखाली यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. 'मी फक्त त्रुटी दाखवून देत होतो' हा बचाव पोलीस ठाण्यात कामाला येत नाही. श्रीमंताच्या मुलासाठी वकील उभा राहतो. आपल्या मुलाचे चारित्र्य प्रमाणपत्र डागाळले की दार कायमचे लागते. लेखी परवानगीचा कागद खिशात असल्याशिवाय दुसऱ्याच्या यंत्राला हात लावू नये. महाविद्यालयातील क्लिनिकचा हाही एक उपयोग आहे. तेथे तो कागद असतो.

प्रवेशाचे दिवस जवळ आले आहेत. महाविद्यालयात किंवा क्लासमध्ये चौकशीला जाल तेव्हा माहितीपत्रक बाजूला ठेवून प्रयोगशाळा उघडून दाखवा म्हणावे. मागच्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांशी, प्राध्यापक समोर नसताना, बोलावे. शिकविणाऱ्याने स्वतः कोठे नोकरी केली आहे ते विचारावे. करारातील संस्था गावापासून किती अंतरावर आहे आणि विद्यावेतन देते का, तेही विचारावे. प्रमाणपत्राच्या परीक्षेची फी अभ्यासक्रमात धरली आहे की शेवटी वेगळी मागणार, हे लेखी घ्यावे. हे प्रश्न आपल्या आई-वडिलांना मराठीत लिहून द्या, म्हणजे तेही बरोबर येऊन विचारतील.

आपल्या सभासदांपैकी जे बँकांत, पतसंस्थांत, रुग्णालयांत नोकरीला आहेत त्यांनी आपल्या संस्थेत अशी विद्यार्थी तुकडी घेण्याबद्दल विचारणा करावी. गोपनीयतेच्या कलमासह कराराचा कच्चा मसुदा मी लिहून आणला आहे, त्याच्या प्रती कार्यवाहांकडे ठेवतो. त्यात वकिलांनी दुरुस्त्या सुचवाव्यात. मला दिलेला वेळ संपत आला आहे. मागच्या रांगेतील एका मुलीने मघाशीच हात वर केला होता, तिच्यापासून प्रश्नांना सुरुवात करू.